रुग्णालयातील बद्धकोष्ठता : औषधांशिवाय उपाय

घरी रोज सकाळी नेमाने पोट साफ होणाऱ्या माणसालाही रुग्णालयात दाखल झाल्यावर दोन-तीन दिवसांत मलावरोध जाणवू लागतो. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, मल कोरडा व खड्यासारखा असणे, कुंथावे लागणे आणि होऊनही पोट मोकळे न वाटणे ही बद्धकोष्ठतेची लक्षणे होत. आहार, पाणी, हालचाल, शौचाची वेळ, बसण्याची पद्धत, आडोसा आणि पोटाचे मालीश हे त्यावरचे औषधाविना उपाय. ते बव्हंशी परिचारिका, वॉर्डातल्या मावशी आणि उशाशी बसलेले नातेवाईक यांच्या हातात असतात.

मॉर्फीनसारखी वेदनाशामके आणि लोहाच्या गोळ्या आतड्यांची गती मंदावतात किंवा मल घट्ट करतात, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र रुग्णालयातली दिनचर्याही तितकीच जबाबदार असते, याकडे दुर्लक्ष होते. दिवसभर पडून राहणे, जेवणात चहा-बिस्किट, साबुदाण्याची खीर नि गुरगुट्या भात, आणि सर्वांत वाईट म्हणजे वेग दाबून धरणे. जनरल वॉर्डात शेजारच्या खाटेशी हातभराचे अंतर, मध्ये एखादा पडदा, तोही पुरता न लागणारा. वास येईल, आवाज होईल, मावशी कंटाळतील, या संकोचाने रुग्ण ‘नंतर बघू’ म्हणतो. अडवलेल्या मलातले पाणी मोठे आतडे शोषत राहते आणि तो आणखी घट्ट होतो. पुढच्या वेळी दुखते, म्हणून रुग्ण पुन्हा टाळतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात धारण करू नयेत असे 13 वेग सांगितले आहेत, त्यांत मलवेग आहे. म्हणून पडदा पूर्ण ओढणे, नातेवाइकांना बाहेर थांबवणे आणि रुग्णाच्या हाताशी बोलावण्याची घंटा ठेवणे यांनाही उपचारच मानले पाहिजे.

अन्न जठरात गेले की मोठ्या आतड्यात जोरदार हालचाल सुरू होते. याला जठर-बृहदांत्र प्रतिक्षेप म्हणतात. सकाळच्या न्याहारीनंतर तो विशेष प्रभावी असतो, त्यामुळे न्याहारीनंतरचा अर्धा तास शौचासाठी सर्वोत्तम. नेमक्या याच वेळी वॉर्डात डॉक्टरांचा राउंड असतो, चादरी बदलतात, रक्त घ्यायला कोणी येते. ही वेळ रुग्णासाठी मोकळी ठेवायला पैसा लागत नाही, फक्त ठरवावे लागते.

गुदाशयाला प्युबोरेक्टॅलिस नावाचा स्नायू गोफणीसारखा वेढा घालून पुढे ओढून धरतो. उकिडवे बसल्यावर हा वेढा सैल पडतो आणि वाट सरळ होते. जन्मभर भारतीय पद्धतीच्या संडासाची सवय असलेल्या माणसाला उताणे निजवून कमरेखाली बेडपॅन सरकवले, की पाठ ताठ, पाय लांब, पोटाला जोर नाही, अशी अवस्था होते. शक्य तिथे खाटेजवळ कमोड-खुर्ची ठेवावी, पायांखाली वीतभर उंचीचे स्टूल द्यावे आणि रुग्णाला कोपरे मांड्यांवर टेकून किंचित पुढे झुकायला सांगावे. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णाला मात्र शस्त्रक्रियातज्ज्ञाला विचारल्याशिवाय स्टूल देऊ नये. त्याचे गुडघे खुब्याच्या वर जाणे धोक्याचे ठरू शकते. बेडपॅन टाळताच येत नसेल तर निदान खाटेचा डोक्याकडचा भाग उचलावा. एकेकाळी हृदयविकाराच्या रुग्णाला कित्येक आठवडे सक्तीने निजवून ठेवत. बॉस्टनचे सॅम्युअल लेव्हाइन व बर्नार्ड लाऊन यांनी 1952 मध्ये अशा रुग्णांना आरामखुर्चीत बसवण्याचा पुरस्कार केला आणि ती सक्ती हळूहळू सैल झाली.

पोटाच्या मालीशला रुग्णही चांगला प्रतिसाद देतात. तेलाचा हात उजव्या जांघेच्या वर ठेवून बरगडीकडे न्यायचा, तिथून आडवा डावीकडे आणि मग डाव्या बाजूने खाली. मोठ्या आतड्याचा मार्ग हाच. दाब बेताचा, गती संथ, दहा-पंधरा मिनिटे. पोटाची नुकती झालेली शस्त्रक्रिया, हर्निया किंवा आतड्यात अडथळ्याची शंका असल्यास मालीश करू नये.

आहारात दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतू हे साधारण लक्ष्य असते. भाकरी, पालेभाजी, सालासकट डाळी, पेरू, पपई, भिजवलेले अंजीर व मनुका यांतून ते साधते. पाण्याशिवाय नुसता कोंडा वाढवला तर त्रास वाढतो. पाणीही सरसकट वाढवता येत नाही. हृदय वा मूत्रपिंड कमकुवत असलेल्यांना ते मोजून द्यावे लागते, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला पोटॅशियममुळे काही फळे वर्ज्य असतात. मॉर्फीन चालू असलेल्या रुग्णाला आहार, पाणी आणि चालणे पुरत नाही. तिथे रेचक सोबतच सुरू करावे लागते.

शस्त्रक्रियेनंतर लवकर उठवून चालवणे आणि लवकर खायला देणे यावर डॅनिश शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी 1990 नंतरच्या दशकात भर दिला. आतडी जागी व्हावीत म्हणून काही ठिकाणी च्युइंगगमही चघळायला देतात.

‘संडासला झाली का?’ या प्रश्नाला लाजेखातर ‘झाली’ असे उत्तर मिळते, मग दोन खडेच का पडलेले असेनात. म्हणून मलाचे स्वरूप नोंदवावे. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिस्टल मापनपट्टीत सात चित्रे आहेत, त्यांतली पहिली दोन बद्धकोष्ठतेची. बरेच दिवस शौचास न झालेल्या वृद्धाला अचानक पातळ गळती सुरू झाली, तर ती जुलाबाची समजून औषध देऊ नये. गुदाशयात घट्ट खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मल झिरपत असतो. आधी गुदतपासणी करून घ्यावी. पोट फुगले, वायू सरेना आणि उलट्या होऊ लागल्या, तर वरीलपैकी कोणताही उपाय न करता डॉक्टरांना तातडीने बोलवावे.