खऱ्याखोट्याचा शिक्का कोणाच्या हाती?

गणपती दूध पितो ही वार्ता २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर पसरली ती मुख्यतः लँडलाइनवरून. पाहता पाहता देवळांपुढे रांगा लागल्या. पृष्ठताणाचा, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाच्या ओढीमुळे दूध खेचले जाते असा, खुलासा शास्त्रज्ञांनी केला, पण रांगेतल्या माणसाला तो नकोच होता. तेव्हा अफवांचे सगळे खापर हातातल्या फोनवर फोडू नये.

छापील मजकुरावरचा विश्वास ढळायलाही इंटरनेट लागले नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याची स्तुती स्पर्धक मराठी दैनिकांत जवळपास शब्दशः सारखी छापून आली, आणि 'जाहिरात' असा उल्लेख कुठेच नव्हता. 'पेड न्यूज'चे ते प्रकरण पुढे निवडणूक खर्चाच्या हिशेबात अनेक वर्षे अडकून पडले.

फोनवरची अफवा जीव घेते हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी केलेली होती. मूल परत आणून सोडतात तो शेवट कोणी तरी कापला होता. त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपने पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येऊ लागला. संदेश खरा की खोटा, हे या उपायांत कोणी ठरवत नव्हते. फक्त वेगाला लगाम होता.

ठरवणारा आला तो माहिती तंत्रज्ञान नियमांच्या ६ एप्रिल २०२३ च्या दुरुस्तीतून. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा मजकूर बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे असे सरकारने नेमलेल्या तथ्य पडताळणी कक्षाने म्हटले, की समाजमाध्यम कंपनीने त्यावर कारवाई करायची. नाही केली तर वापरकर्त्यांच्या मजकुरासाठी जबाबदार न धरले जाण्याचे तिचे कायदेशीर संरक्षण धोक्यात. मजकूर काढाच अशी सक्ती नाही, खाली खुलासा टाकूनही भागेल, असे सरकार कोर्टात सांगत राहिले. पण एका वापरकर्त्याच्या पोस्टसाठी कोर्टकचेरी ओढवून घेण्यापेक्षा कंपनी ती पोस्टच उडवेल, हे समजायला वकील लागत नाही.

खरी गोम 'केंद्र सरकारचे कामकाज' या शब्दांत होती. त्यात काय येते? बेरोजगारीच्या आकड्यांवरची टीका? नोटाबंदीवरचा विनोद? व्याख्या दिलेलीच नव्हती. ज्याच्या कामाची चर्चा, त्यानेच तिचा निवाडा करायचा, असा हा मामला. शिवाय तेच वाक्य छापील वर्तमानपत्रात आले तर नियम लागू नाही, संकेतस्थळावर आले तर लागू. आणि मुले पळवणाऱ्यांची अफवा या चौकटीत बसलीच नसती. ज्या भीतीचे नाव घेऊन असे नियम रेटले जातात, तिला हा नियम शिवतही नव्हता.

मुंबईत उच्च न्यायालयात एका विनोदी कलाकारासह काहींनी आव्हान दिले. ३१ जानेवारी २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींचे मत फुटले: एकाने नियम रद्द ठरवला, तर दुसऱ्या मतानुसार टीका आणि उपरोधाला नियमाची झळ नव्हती, रोख जाणूनबुजून पसरवलेल्या खोट्यावर होता. प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेले. अंतिम निकाल बाकी असतानाच २० मार्चला कक्ष अधिसूचित झाला आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती, हे विसरून चालणार नाही. २० सप्टेंबरला तिसरे मत आले: नियम घटनेच्या अनुच्छेद १४ (समानता) आणि १९ (अभिव्यक्तिस्वातंत्र्य) चा भंग करणारा, शब्द संदिग्ध. नियम गेला.

२०१९ पासून चालणारा केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचा (पीआयबी) तथ्य पडताळणी कक्ष तेवढा उरला. तो चुकीच्या दाव्यांवर शिक्का मारून चित्रे प्रसिद्ध करतो, मात्र कंपन्यांना त्या नियमाने बांधू शकत नाही.

वाचकाच्याच हाती चाळणी देण्याचा प्रयोग केरळात कन्नूर जिल्ह्याने २०१८ मध्येच केला होता. गोवर-रुबेला लसीविषयीच्या अफवांमुळे तिथे अनेक पालक लस नाकारत होते. त्यानंतर सरकारी शाळांत तास घेऊन मुलांना शिकवले, की आलेला संदेश पुढे ढकलण्याआधी मूळ बातमी कुठली, तारीख कोणती आणि फोटो कुठला ते बघायचे.