जुन्या गाडीचा मागचा एक्सल आणि गोव्याची खारी हवा

लहानपणी एकदा आईबरोबर म्हापशाहून डिचोलीला काळ्यापिवळ्या टॅक्सीने येत होतो. अस्नोडा मागे पडलं आणि उजव्या बाजूने एक चाक आमच्या गाडीला ओलांडून पुढे धावत गेलं, शेताच्या बांधावर आपटून आडवं झालं. ते आमचंच चाक होतं. गाडीचा मागचा कोपरा खाली बसला, लोखंड डांबरावर किंचाळायला लागलं. चालकाने ब्रेक दाबला तर पेडल सरळ तळाला गेलं. खालचा गिअर टाकला, उपयोग नाही. हँडब्रेक ओढला, तोही रिकामा. गाडी थांबली ती रस्ता सपाट होता आणि समोरून कुणी येत नव्हतं म्हणून. जमलेल्या लोकांनी लगेच ठरवून टाकलं की खड्ड्यात आपटल्यामुळे एक्सल तुटला.

ओढून आणलेल्या गाडीचा तुटका शाफ्ट, म्हणजे एक्सलचा फिरणारा दांडा, दुसऱ्या दिवशी डिचोलीतल्या मेस्तने, म्हणजे मेकॅनिकने, हातात धरून दाखवला. ‘हें आयजचें न्हय, जायत्या दिसांचें’ (हे आजचं नाही, बऱ्याच दिवसांचं), एवढंच तो म्हणाला. शाफ्टचं तुटलेलं तोंड दोन तऱ्हांचं होतं. बराचसा भाग गुळगुळीत आणि काळपट, त्यावर ओहोटीचं पाणी उतरताना वाळूवर उमटतात तशा वळणदार रेषा. एका कडेला मात्र थोडीशी जागा चकचकीत आणि खडबडीत, ताज्या तुटीची. गुळगुळीत भाग म्हणजे कित्येक महिने आत सरकत गेलेली चीर. खड्ड्याने तोडला तो उरलेला चकचकीत तुकडा. या रेषांना धातुशास्त्रात ‘बीच मार्क्स’ म्हणतात, हे मला फार नंतर कळलं. किनाऱ्यावर राहणाऱ्याला याहून नेमकं नाव सुचणार नाही.

जुन्या गाडीचा मागचा एक्सल का तुटतो याचं उत्तर त्या रेषांत आहे, आणि त्या उत्तराचा इतिहास मोटारींपेक्षा जुना आहे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या पुढच्या इंजिनाचा एक्सल तुटला. मागचे डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि डब्यांची दारं बाहेरून बंद असल्यामुळे पन्नासहून अधिक माणसं आत अडकून मेली. रोज चालणारा धडधाकट लोखंडी दांडा असा अचानक का तुटावा? सततच्या हादऱ्यांनी लोखंडाचे ‘स्फटिक’ होतात आणि ते ठिसूळ बनतं, असं त्या काळी बरेच अभियंते मानत. स्कॉटलंडच्या रँकिनने १८४३ मध्ये वेगळी गोष्ट दाखवली. दांड्याची जाडी जिथे एकदम बदलते त्या कोपऱ्यात बारीक चीर सुरू होते आणि हळूहळू आत जाते. लोखंडाचा पोत बदलत नाही, फक्त ते आतून कापलं जातं.

त्यानंतर जर्मनीत ऑगस्ट व्होलर या रेल्वे अभियंत्याने जवळपास दोन दशकं, १८७० पर्यंत, एक्सल फिरवून फिरवून तोडले. त्याच्या निष्कर्षांवर आजही फिरणारे यंत्रभाग आखण्याचं शास्त्र उभं आहे. एका दमात तोडायला लागतो त्याहून कितीतरी कमी भार पुन्हा पुन्हा दिला तरी धातू तुटतो, हा पहिला निष्कर्ष. दुसरा जास्त दिलासा देणारा. भार एका मर्यादेखाली ठेवला तर पोलाद कितीही फेरे सहन करतं. प्रयोगशाळेत पोलादाने साधारण एक कोटी फेरे न तुटता काढले, तर ते त्या भाराखाली कधीच तुटणार नाही असं धरतात.

हा हिशेब मोटारीला लावून पाहू. पंधरा इंची रिमचं अँबेसिडरचं चाक किलोमीटरला साधारण पाचशे फेरे घेतं, बारा इंची रिमचं मारुती ओम्नीचं सुमारे सहाशे. अशा गाड्यांत मागचं चाक थेट एक्सल शाफ्टच्या टोकाला बसवलेलं असतं. शाफ्ट चाक फिरवतो आणि त्याच वेळी गाडीचं वजनही पेलतो. वजनामुळे तो किंचित वाकतो, त्यामुळे फिरताना त्याचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. एक लाख किलोमीटर धावलेल्या ओम्नीच्या शाफ्टने हे सहा कोटी वेळा सोसलेलं असतं. म्हणजे एक कोटीची परीक्षा तो पहिल्या सतरा-अठरा हजार किलोमीटरांतच पास झालेला असतो. व्होलरच्या हिशेबाने पुढे त्याला काही व्हायला नको.

ट्रकची रचना वेगळी आहे. त्याचं चाक हाऊसिंगवर, म्हणजे शाफ्टभोवतीच्या पोकळ लोखंडी नळीवर, स्वतःच्या दोन बेअरिंगांवर फिरतं, शाफ्ट आतून फक्त फिरवण्याचं काम करतो. शाफ्ट तुटला तर ट्रक जागेवर थांबतो, पण चाक सुटत नाही. उसगाव-सावर्ड्याच्या खनिज रस्त्यांवर तुटलेल्या शाफ्टचे टिपर बाजूला उभे राहिलेले पुष्कळांनी पाहिले असतील, सगळी चाकं जागच्या जागी. मोटारीत शाफ्ट बेअरिंगच्या बाहेरच्या बाजूला तुटला की चाक, आणि पुष्कळदा त्याच्याबरोबर ब्रेकचा ड्रमही निघून जातो. ड्रम गेला की आतले पिस्टन बाहेर ढकलले जातात आणि ब्रेकचं तेल सांडतं. जुन्या गाड्यांत चारही चाकांचं तेल एकाच नळीजाळ्यातून येत असल्याने पुढचे ब्रेकही जातात. हँडब्रेक मागच्याच चाकांवर चालतो. डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारी गिअरपेटी, सगळा जोर तुटलेल्या बाजूला सोडून देतं, म्हणून गिअरनेही गाडी आवरत नाही. आमच्या त्या चालकाने तिन्ही गोष्टी बरोबर केल्या होत्या. तिन्हींचा जीव एकाच दांड्यात होता.

मग एक कोटी फेऱ्यांची परीक्षा पास झालेला दांडा का तुटतो? पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमार सुरुंग निकामी करण्यासाठी जहाजाच्या बाजूने पोलादी दोर पाण्यातून ओढत नेई. हे दोर अपेक्षेपेक्षा फार लवकर तुटायला लागले, त्याचा तपास हेग या अभियंत्याने केला आणि त्यातून एक नवीन गोष्ट पुढे आली. खारं पाणी आणि उलटसुलट ताण एकत्र आले की पोलादाची ती सुरक्षित मर्यादाच नाहीशी होते. कोरड्या हवेत जो भार पोलाद कायम पेलतं, तोच भार खाऱ्या ओलाव्यात त्याला कधी ना कधी तोडतो. गंजाचा बारीक खड्डा चिरेला सुरुवात करून देतो, ताण ती उघडतो, उघडलेल्या टोकाशी खारं पाणी पोचतं, पुन्हा गंज. नुसत्या गंजाने किंवा नुसत्या ताणाने इतकं नुकसान होत नाही.

गोव्यात हे दोन्ही बारा महिने एकत्र असतात. पणजीला वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेल्या महिन्यांत समुद्रावरून येणारा वारा मीठ आणतो. किनाऱ्यापासून आत जाल तसं हे मीठ झपाट्याने कमी होतं. म्हणून एकाच वयाच्या दोन गाड्या, एक कळंगुटला आणि एक वाळपईला उभी राहणारी, खालून पाहिल्या तर एका वयाच्या वाटत नाहीत. जुनी गाडी घेताना लोक मीटर पाहतात. मी आधी ती रात्री कुठे उभी राहायची ते विचारतो.

मिठाचा दुसरा रस्ता फेरीबोटीचा. आज दिवाडी आणि चोडणची माणसं सोडली तर पुष्कळांना हा अनुभव नाही, पण पूल होण्याआधी मांडवी आणि झुआरी गाडी घेऊन ओलांडायची म्हणजे फेरीच. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीचा पूल कोसळला तेव्हा पणजी-बेती परत फेरीवर आली. भरतीच्या वेळी धक्क्याच्या उतारावर खारं पाणी चढलेलं असतं, गाडी त्यातूनच बोटीवर जाते. लांबून आलेल्या गाडीचं हाऊसिंग तापलेलं असतं. गरम हाऊसिंग पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या ऑइल सीलमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्यातून, पाणी आत ओढून घेते. बाहेरून गाडी धुतली तरी ते पाणी बेअरिंगपाशीच राहतं. आठवड्यातून सहा दिवस हे करणाऱ्या टॅक्सीच्या शाफ्टवर काय होत असेल याचा विचार तेव्हा कुणी केल्याचं मला आठवत नाही.

तिसरी गोष्ट सुट्या भागांची, आणि इथे गोव्याचा इतिहास उरलेल्या देशाहून थोडा वेगळा आहे. पोर्तुगीज काळात मुरगाव बंदरातून मर्सिडीज, ओपेल, फोर्ड, फोक्सवॅगन अशा युरोपी गाड्या येत होत्या. १९ डिसेंबर १९६१ नंतर त्या इथेच राहिल्या, पण भाग आणायला भारतातला आयात परवाना लागायचा आणि तो सहज मिळत नसे. मग लेथवर भाग करून घेण्याची विद्या इथे वाढली. त्या मेस्तांच्या हातांबद्दल मला मनापासून आदर आहे, त्यांनी कित्येक गाड्या दोन-दोन पिढ्या चालवून दाखवल्या. पण एक्सल शाफ्ट हा त्या विद्येने करण्याचा भाग नव्हता. कारखान्यातल्या शाफ्टचं पोलाद ठरावीक प्रकारचं असतं, त्याला उष्णतेची प्रक्रिया दिलेली असते आणि जाडी बदलते तिथला कोपरा मुद्दाम गोल केलेला असतो, अगदी रँकिनच्या धड्याप्रमाणे. बाजारात मिळालेल्या गजातून कातलेल्या शाफ्टचा कोपरा धारदार राहिला, त्यावर हत्याराचे ओरखडे राहिले, तर चिरेला जागा तयारच मिळते. झिजलेल्या जागी वेल्डिंग भरून पुन्हा कातलेला शाफ्ट तर आणखी धोक्याचा, कारण वेल्डिंगच्या बाजूचं पोलाद ठिसूळ होतं आणि ताण आतच अडकून बसतो. बाहेरून तो नव्यासारखाच दिसतो.

पुढे अँबेसिडर आणि पद्मिनी आल्या, भाग देशातच मिळू लागले, पण सवय टिकली. १९८४ मध्ये मारुतीची व्हॅन आली आणि पुढे ओम्नी नावाने ती गोव्याच्या पर्यटन टॅक्सीचा चेहरा झाली. इंजिन पुढच्या सीटखाली, जोर मागच्या चाकांना, खाली स्प्रिंगचे पाटे आणि जुन्या पद्धतीचा एक्सल. विमानतळावरून सामानासह सात-आठ माणसं भरून ती किनाऱ्यावरच्या हॉटेलात जायची आणि रात्री तिथेच, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी राहायची. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. टॅक्सीतून निघालेल्या कितीतरी ओम्नी आज मासळी, भाजी आणि गॅस सिलिंडर वाहतात. मासळीच्या बर्फाचं खारं पाणी फटींतून खाली गळतं, ते थेट हाऊसिंग आणि पाट्यांवर.

इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना देणाऱ्या गाड्या आल्या तेव्हा मागचा एक्सल फिरायचा थांबला. मारुती ८०० चा मागचा एक्सल फक्त चाकं धरून ठेवतो. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तर मागे पोलादी पत्र्याची एक आडवी तुळई असते, ती पिळवटते आणि स्प्रिंगच्या जोडीला काम करते. १९७४ च्या फोक्सवॅगन गोल्फने ही रचना रूढ केली, आपल्याकडे २००५ च्या स्विफ्टमध्येही तीच होती. शाफ्ट तुटण्याची भीती संपली, पण आता खुद्द तुळई गंजते. तिच्या खोबणीत चिखल, पानं आणि खारी माती साचते, ओल सुकत नाही, आणि गंज वाहनाखाली वाकून पाहणाऱ्याला दिसत नाही अशा बाजूने लागतो. हा धोका किती खरा आहे ते २०१० साली दिसलं. फोर्डने अमेरिका आणि कॅनडातल्या विंडस्टार गाड्या, १९९८ ते २००३ च्या मॉडेलच्या, सुमारे पावणेसहा लाख, मागचा एक्सल गंजून तडकतो म्हणून परत बोलावल्या. बोलावणं सगळ्या अमेरिकेला नव्हतं, जिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात त्याच राज्यांना होतं. आपल्याकडे मीठ टाकायला पालिका लागत नाही.

आपल्याकडे असं परत बोलावणं कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून लागू झालं, पण ते सात वर्षांच्या आतल्या वाहनांपुरतं आहे. गंजाने लागणारी चीर बहुधा सात वर्षांनंतरचीच असते. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षं चालते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचं शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेलं. त्या वेळी होणाऱ्या तपासणीत दिवे, ब्रेक, धूर, चासिस नंबर पाहिले जातात. ड्रम काढून शाफ्ट बाहेर ओढण्याइतका वेळ तिथे कुणाकडे नसतो, त्यामुळे नोंदणी झाली म्हणजे एक्सल ठीक आहे असं कुणी समजू नये.

खरं तर तुटण्याआधी शाफ्ट बऱ्याचदा सूचना देतो. मागून वेगाबरोबर वाढणारी घुमघुम म्हणजे बेअरिंग गेलं. चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसला तर सील गेला. जॅकवर उचलून चाक वर-खाली हलवलं आणि खुळखुळलं, तर त्या दिवशी घरी जाण्यापुरतीही गाडी काढू नये. चीर मात्र आवाज करत नाही. तिच्यासाठी शाफ्ट बाहेर काढावा लागतो, पेट्रोलने पुसून कोरडा करावा लागतो, आणि मग बाजारात डब्यात मिळणारा लाल रंग त्यावर फवारतात. दहा-पंधरा मिनिटं थांबून तो पुसायचा आणि वरून पांढरी पावडर मारायची. चीर नसेल तर शाफ्ट पांढराच राहतो. असेल तर थोड्या वेळाने बेअरिंगच्या खांद्याजवळ, गोलाईला धरून, केसाएवढी लाल रेघ वर येते.