मोरिबाना आणि लाइन-मास: फुले तीच, बांधणी वेगळी

मुंबईतील एखाद्या हॉटेलच्या स्वागतकक्षात वळणदार फांदी, तिच्या पायथ्याशी जरबेराची चार-पाच फुले आणि मॉन्स्टेराची दोन पाने दिसली, की त्या रचनेला सर्रास इकेबाना, म्हणजे जपानी पुष्परचना, म्हटले जाते. बहुतेक वेळा ती पाश्चात्त्य लाइन-मास रचना असते. हा घोटाळा होणे साहजिक आहे, कारण जपानी आणि पाश्चात्त्य पुष्परचनेची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली आणि त्यातून निघालेले दोन प्रकार छायाचित्रात जवळजवळ सारखे दिसतात.

पहिला प्रकार मोरिबाना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, जपानमध्ये पाश्चात्त्य फुले येऊ लागली होती त्या काळात, ओहारा उन्शिन यांनी तो रूढ केला. जुन्या शैलींतील उंच, अरुंद तोंडाच्या भांड्यात आखूड देठाची ही नवी फुले नीट बसत नसत. उन्शिन यांनी उथळ, पसरट तबक घेतले आणि फुलांना आडवा विस्तार दिला. फुले परकी असली तरी रचनेचा सांगाडा मात्र जपानीच राहिला. दुसरा प्रकार याच्या उलट घडला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील उद्यानप्रेमी मंडळांनी युरोपीय पद्धतीच्या भरगच्च फुलोऱ्याला जपानी रेषेची जोड दिली, आणि त्यातून लाइन-मास, म्हणजे रेषा आणि पुंजका यांची रचना, आली.

फरक ओळखण्यासाठी फुलांपेक्षा भांड्याच्या काठाकडे पाहावे. लाइन-मासमध्ये सर्वांत मोठी, गडद फुले काठाजवळ, मध्यभागी एकवटलेली असतात आणि नजर प्रथम तेथेच जाते. तेथून वर जाताना फुले लहान व विरळ होत जातात, आणि रेषा त्या पुंजक्यातून उगवल्यासारखी वाटते. मोरिबानात तीन मुख्य दांड्या विषम त्रिकोण साधतात, बाकीची फुले त्यांना साथ देतात आणि तबकातील मोकळे पाणी हा रचनेचाच भाग असतो. ते पाणी फुलांनी झाकले, तर माझ्या मते मोरिबाना तेथेच संपते.

दादरच्या फूलबाजारातून ग्लॅडिओलसची एक जुडी आणि थोडी शेवंती आणली, असे समजू. तबक २५ सेंटिमीटर व्यासाचे आणि ५ सेंटिमीटर उंचीचे आहे. इकेबानाच्या सोगेत्सू शाखेच्या प्राथमिक धड्यानुसार व्यास आणि उंची यांची बेरीज, म्हणजे ३०, दीडपट करावी; पहिली दांडी ४५ सेंटिमीटरची होते. दुसरी तिच्या पाऊणपट, म्हणजे सुमारे ३४, आणि तिसरी दुसरीच्या पाऊणपट, सुमारे २५ सेंटिमीटर. उभ्या रेषेपासून त्या अनुक्रमे १५, ४५ आणि ७५ अंशांत झुकतात, तेही पाहणाऱ्याच्या दिशेने थोड्या पुढे, त्यामुळे रचनेला खोली येते. याच फुलांची लाइन-मास करताना ग्लॅडिओलस मागे उंच उभा राहील, शेवंती पुढे दाटीने बसेल आणि मोजमाप मुख्यतः नजरेने होईल.

साधनांमुळेही बांधणी बदलते. मोरिबानातील दांड्या केन्झानवर, म्हणजे आपल्याकडच्या पिनहोल्डरवर (टोकदार पिनांच्या जड बैठकीवर) रोवल्या जातात. टणक फांदी तिरकी कापून आधी सरळ खोचावी आणि मग हव्या बाजूला कलती करावी लागते, तर मऊ देठ आडवा कापला तरी चालतो. पिनहोल्डरला बाजूने काही खोचता येत नाही. लाइन-मासला १९५४ साली आलेल्या, पाणी शोषून धरणाऱ्या फोमने फार मोकळीक दिली, कारण त्यात देठ आडवा किंवा काठावरून खाली झुकणाराही बसतो. (हा फोम प्लॅस्टिकचाच प्रकार असून कुजत नाही, पिनहोल्डर मात्र वर्षानुवर्षे वापरता येतो.)

दोन्हींचा मिलाफ करायचा असेल, तर सांगाडा कोणाचा हे कात्री हातात घेण्यापूर्वीच ठरवावे. मोरिबाना बांधून झाल्यावर रिकामी वाटते म्हणून मध्यभागी गुलाब भरणे ही नेहमीची फसगत आहे: मोकळे पाणी जाते आणि पुंजकाही धड साधत नाही. उलट दिशेचा मिलाफ सोपा जातो. भरगच्च रचनेतील एका बाजूची फुले काढून एकच लांब फांदी मोकळी सोडली, तरी तिच्यात रेषा येते.

मुंबईच्या दमट उकाड्यात पंख्याखाली ठेवलेल्या उथळ तबकातील पाणी झपाट्याने आटते, म्हणून मोरिबानाचा पिनहोल्डर बुडालेला आहे ना, हे रोज पाहावे लागते. फोमही एकदा कोरडा पडला की वरून ओतलेले पाणी नीट शोषत नाही, तेव्हा लाइन-मासलाही रोजचे पाणी चुकत नाही.