सहा पंच आणि एक उंच झेल: बेसबॉलच्या सप्टेंबरी भांडणाची पार्श्वभूमी

सप्टेंबर संपत आला की अमेरिकेतल्या बेसबॉलवेड्या घरांत दोनच विषय उरतात. आपली टीम वाइल्ड कार्डपासून (गट न जिंकलेल्या संघाला मिळणारी बाद फेरीतली जागा) किती सामने मागे आहे, आणि काल रात्री होम प्लेटमागच्या गृहस्थांनी, म्हणजे पंचांनी, काय दिवे लावले. एप्रिलमध्ये दिलेला तसाच चुकीचा स्ट्राइक कोणी दुसऱ्या दिवसापर्यंत लक्षातही ठेवत नाही. १६२ सामन्यांच्या हंगामात एक सामना म्हणजे दर्यामें खसखस. पण पाचच सामने उरले आणि अंतर एकाच सामन्याचं असलं, की पंचाच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात होते.

२०२६ च्या हंगामापासून स्ट्राइक-बॉलच्या (फेकलेला चेंडू चौकटीतला की बाहेरचा) निर्णयाला खेळाडूंना आव्हान देता येतं, म्हणून ही भांडणं आता मिटतील असं पुष्कळांना वाटतं. मला वाटत नाही. का, ते समजायला ५ ऑक्टोबर २०१२ च्या अटलांटात जावं लागेल. त्याआधीचा इतिहास थोडक्यात उरकतो.

या जातीच्या वादांचा मूळपुरुष १९०८ चा. २३ सप्टेंबरला न्यू यॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जायंट्स आणि कब्ज यांची १-१ अशी बरोबरी, नववी इनिंग, दोन आउट, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर धावपटू. जायंट्सचा फटका बसला, तिसऱ्यावरचा घरी आला, लोक मैदानात घुसले. पहिल्या बेसवरचा एकोणीस वर्षांचा पोरगा दुसऱ्या बेसला पाय न लावताच क्लबहाउसच्या दिशेने वळला. कब्जने कुठून तरी चेंडू मिळवून दुसऱ्या बेसवर अपील केलं, पंचाने पोराला तिसरा आउट दिलं, धाव रद्द झाली आणि जिंकलेला सामना बरोबरीत सुटला. हंगामाअखेर दोन्ही संघ ९८-५५ वर अडकले. मग ८ ऑक्टोबरला तोच सामना पुन्हा खेळवला गेला, कब्जने तो ४-२ ने जिंकला आणि पुढे वर्ल्ड सिरीजही घेतली. त्या पोराला ‘बोनहेड’ ही पदवी जन्मभर पुरली.

खरी मेख वेगळीच आहे. सामना संपवणाऱ्या फटक्यावर दुसऱ्या बेसला पाय लावायचा नियम तेव्हाही पुस्तकात होता, पण तो पाळायची रीत नव्हती. एकोणीसच दिवस आधी पिट्सबर्गला कब्जने हेच अपील केलं होतं आणि याच पंचाने ते फेटाळलं होतं. नियम तोच, पंच तोच, निकाल उलटा. त्या दिवशी पंच चुकला की सुधारला, यावर अजूनही एकमत नाही.

मधली ऐंशी-नव्वद वर्षं गाळतो. (१९८५ च्या वर्ल्ड सिरीजमधला पहिल्या बेसवरचा निर्णय गाळल्याबद्दल सेंट लुईसकर रागावतील. त्यांना पुढे भरपाई मिळते.)

शर्यतीचं आजचं रूप १९९५ पासूनचं. वाइल्ड कार्ड आदल्या वर्षीच यायचं होतं, पण संपाने तो हंगाम अर्ध्यात कापला. तेव्हापासून दुसऱ्या क्रमांकाच्या संघांनाही सप्टेंबरात जीव आला आणि शेवटच्या दिवसाचं नाट्य नित्याचं झालं. २००७ मध्ये कोलोरॅडो आणि सॅन डिएगो बरोबरीत राहिले, म्हणून १ ऑक्टोबरला डेन्व्हरमध्ये १६३ वा सामना झाला. तेराव्या इनिंगमध्ये कोलोरॅडोचा धावपटू होम प्लेटवर तोंडावर घसरत आला, हनुवटी फुटली, पंच क्षणभर थांबला आणि त्याने दोन्ही हात पसरले. सेफ. सामना ९-८. त्याचा हात प्लेटला लागला होता का? मी ती चित्रफीत कितीदा पाहिली असेल याचा हिशेब नाही, मला तो लागलेला दिसत नाही. हा धावपटू लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

पुढची चार वर्षं सोडून २८ सप्टेंबर २०११. बॉस्टनची नऊ सामन्यांची आघाडी आणि अटलांटाची साडेआठ सामन्यांची, महिन्याभरात दोन्ही वितळल्या, आणि दोघांचाही निकाल त्या एकाच रात्री लागला. अटलांटा ब्रेव्ह्ज घरच्या मैदानावर तेरा इनिंग खेळून ४-३ ने हरले. त्यांची जागा घेतली सेंट लुईस कार्डिनल्सनी, एका सामन्याच्या फरकाने, आणि ते थेट विजेतेपदापर्यंत गेले.

आता नशिबाची गंमत बघा. २०१२ मध्ये बेसबॉलच्या दोन्ही लीगमध्ये वाइल्ड कार्डं प्रत्येकी दोन केली आणि ती मिळवणाऱ्या दोन संघांत एकच सामना ठेवला, हरणारा घरी. हाच नियम एक वर्ष आधी असता तर दुसरं कार्ड ब्रेव्ह्जला मिळालं असतं. आणि जुना नियम एक वर्ष जास्त टिकला असता तर ९४ सामने जिंकलेले ब्रेव्ह्ज सरळ पुढच्या फेरीत गेले असते आणि ८८ जिंकलेले कार्डिनल्स घरी बसले असते. अटलांटाला दोन्हीकडून फटका. एका रात्रीचा एक सामना, समोर पुन्हा तेच कार्डिनल्स. एवढं मीठ आधीच चोळलेलं असताना तो चेंडू हवेत गेला.

आठवी इनिंग, कार्डिनल्स ६-३ ने पुढे. ब्रेव्ह्जचे धावपटू पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर, एक आउट. चेंडू डाव्या बाजूला उंच उडाला. कार्डिनल्सचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) मागे मागे धावत आउटफील्डच्या, म्हणजे बाहेरच्या मैदानाच्या, गवतात खूप आत गेला, वळला, दोन्ही हात वर केले. चेंडू खाली येत असताना, लेफ्ट फील्डरने हाक दिली असावी अशा समजुतीने, तो एकाएकी पुढे सरकून बाजूला झाला. लेफ्ट फील्डर मागे होता (डेन्व्हरमध्ये घसरलेला तोच तो). चेंडू दोघांच्या मध्ये गवतात पडला. स्टेडियम फुटायचं बाकी राहिलं. बेसेस भरलेल्या, एकच आउट, बरोबरीची धाव पहिल्या बेसवर.

फक्त डाव्या बाजूच्या रेषेवरच्या पंचाचा हात वर गेला होता, चेंडू जमिनीला टेकायच्या जेमतेम क्षणभर आधी. इनफील्ड फ्लाय. झेल घेतला नाही तरी फलंदाज आउट. म्हणजे दोन आउट, धावपटू दुसऱ्या आणि तिसऱ्यावर.

घोडं पेंड खातं ते या शब्दाशीच. इनफील्ड फ्लाय म्हणजे इनफील्डमध्ये, बेसांच्या चौकोनात, उडालेला चेंडू, असं नावावरून कुणालाही वाटेल. नियमात तसं नाही. चेंडू कुठे पडतो याच्याशी नियमाला कर्तव्य नाही. इनफिल्डर तो ‘साधारण प्रयत्नाने’ झेलू शकला असता का, एवढंच तो विचारतो. गवताची कड किंवा बेसमधली रेषा ही मर्यादा धरू नये, असं पुस्तकाच्या टिपेत स्पष्ट म्हटलं आहे. साधारण प्रयत्नाची व्याख्याही दिलेली आहे: त्या लीगमधला त्या जागेवरचा सरासरी कुवतीचा खेळाडू, मैदानाची आणि हवेची स्थिती ध्यानात घेता, जे करील ते. आता सरासरी कुवत ज्याने त्याने ठरवावी.

नियमाचा जन्म रडीच्या डावातून झाला. १८९० च्या दशकातले इनफिल्डर सोपा झेल मुद्दाम खाली टाकायचे. बिचारे धावपटू झेल जाणार म्हणून बेसला चिकटून उभे असायचे, आणि हे चेंडू उचलून एकाऐवजी दोघांना आउट करायचे. १८९५ मध्ये एक आउट असतानाच्या प्रसंगासाठी ही पळवाट बंद केली, १९०१ मध्ये शून्य आउटसाठीही. क्रिकेटमध्ये याला जोड नाही, कारण तिथे झेल सोडून कुणाचा फायदा होत नाही. हा नियम इतका विचित्र वाटतो की १९७५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका प्रतिष्ठित कायदा-नियतकालिकात त्याच्या उगमावर तळटीपांसकट एक निनावी लेख आला होता. अर्धी थट्टा, अर्धा अभ्यास.

म्हणजे नियम धावपटूंच्या, पर्यायाने फलंदाजी करणाऱ्या संघाच्या, रक्षणासाठी. अटलांटात त्याचा मार बसला तो नेमका त्याच संघाला. चाहत्यांचं म्हणणं हेच होतं: एवढ्या लांबून चेंडू उचलून दुहेरी आउट करणं कुणाला जमलं असतं? मग रक्षण कशापासून? मुद्दा बिनतोड आहे, पण पुस्तकात नाही. दुहेरी आउट शक्य होता का, हे पंचाने पाहावं असं नियम कुठेच म्हणत नाही. शॉर्टस्टॉप चेंडूखाली पोचला होता, वळला होता, हात वर करून उभा होता. यापेक्षा साधारण प्रयत्न दुसरा कोणता? माझं मत विचाराल तर अक्षराने पाहता निर्णय टिकतो. फसतो तो ‘ताबडतोब’ या शब्दावर. धावपटूंना वेळेत कळावं म्हणून ही घोषणा ताबडतोब करायची असते. क्षणभर आधी वर गेलेला हात कुणाला कळणार होता?

आणखी एक गोष्ट, जी त्या गदारोळात मागे पडली. मराठीत पंच म्हणजे पाच. त्या रात्री मैदानावर सहा होते. नेहमीच्या हंगामात चारच असतात, डाव्या-उजव्या रेषांवरचे दोन जादा पंच ऑक्टोबरातल्या बाद फेऱ्यांत दिसतात. वर्षभर तो चेंडू तिसऱ्या बेसजवळच्या पंचाने पाठमोरा पाहिला असता आणि त्याला तो आउटफील्डचा वाटला असता, अशी मला दाट शंका आहे. डाव्या रेषेवरच्या पंचासमोर मात्र शॉर्टस्टॉप तोंड करून निवांत उभा होता. जास्तीची नजर आणली ती चुका टाळायला, आणि तिनेच हा निर्णय दिला.

पुढे काय झालं ते पुष्कळांनी पाहिलं आहे. बाटल्या, कॅन, बिअरचे पेले, पॉपकॉर्नचे डबे, हाताला लागेल ते मैदानात आलं. कार्डिनल्सचे खेळाडू डगआउटमध्ये परतले. कचरा वेचण्यात एकोणीस मिनिटं गेली. खेळ सुरू झाल्यावर पुढच्या फलंदाजाला वॉक (चार बाहेरच्या चेंडूंवर फुकट पहिला बेस) मिळाला, बेसेस भरल्या, आणि त्याच्या मागचा स्ट्राइकआउट झाला. सामना तिथेच संपल्यात जमा होता, ६-३. ब्रेव्ह्जने सामना निषेधासह खेळतो असं कळवलं होतं. लीगने तो निषेध त्याच रात्री फेटाळला, कारण पंचाच्या विवेकावर सोपवलेल्या निर्णयाविरुद्ध निषेध चालत नाही. पुढे तर निषेधाची वाटच पुस्तकातून बंद झाली.

अटलांटात अजून जे बोललं जात नाही तेही नोंदवायला हवं: ब्रेव्ह्जच्या तीन फेकी त्या रात्री चुकल्या. पहिली चूक तिसऱ्या बेसवरच्या चाळिशीतल्या दिग्गजाची, ज्याचा तो शेवटचा सामना होता. दुहेरी आउटची संधी समोर असताना चेंडू उजव्या मैदानात गेला आणि तिथून कार्डिनल्सचं पारडं जड झालं. पण त्याला दोष कोण देणार? पंच होताच की.

त्यानंतरचा काळ यंत्रांचा. होम रनपुरता रिप्ले २००८ पासून होता. तो २०१४ मध्ये वाढवून बेसवरच्या आउट-सेफला लावला. २०१० मध्ये डेट्रॉइटच्या एका पिचरचा (चेंडू फेकणाऱ्याचा) परफेक्ट गेम, म्हणजे एकही फलंदाज बेसवर न पोचलेला सामना, सत्ताविसाव्या आउटला चुकीच्या ‘सेफ’ने मोडला होता आणि पंचाने डोळ्यांत पाणी आणून चूक कबूल केली होती. त्या जातीच्या चुका आता न्यू यॉर्कच्या रिप्ले कक्षात दोन मिनिटांत दुरुस्त होतात. शर्यतीचे नियमही बदलले. २०२२ पासून प्रत्येक लीगचे सहा संघ, वाइल्ड कार्डची फेरी तीन सामन्यांची, आणि १६३ वा सामना रद्द. २०२५ मध्ये न्यू यॉर्कचे मेट्स आणि सिनसिनाटी दोघेही ८३-७९ वर थांबले. मैदानात कुणी उतरलं नाही. आपसातल्या सामन्यांची आकडेवारी पाहून सिनसिनाटी आत गेलं. न्यू यॉर्ककर मग पंचांचे जुने निर्णय उकरून काढत बसले. एकच सामना जास्त जिंकला असता तर भागलं असतं, म्हटल्यावर हंगामातल्या प्रत्येक वाईट स्ट्राइकचा हिशेब निघतोच.

स्ट्राइक झोनच्या आव्हानाला मंजुरी मिळाली २३ सप्टेंबर २०२५ ला. पोलो ग्राउंड्सवरच्या त्या सामन्याला बरोबर ११७ वर्षं झाली होती, हा योगायोग मंजूर करणाऱ्यांच्या लक्षात आला नसावा. प्रत्येक संघाला दोन आव्हानं, बरोबर निघालं तर शिल्लक राहतं. मागायचा अधिकार फक्त पिचर, कॅचर आणि फलंदाजाला, तोही लगेच, डोक्यावर टपली मारून. डगआउटमधून खाणाखुणा चालत नाहीत. डीआरएस पाहून तयार झालेल्या आपल्या डोळ्यांना एक फरक चटकन जाणवतो: इथे ‘अंपायर्स कॉल’ नाही. सतरा इंच रुंद, तळाला फलंदाजाच्या उंचीच्या २७ टक्के आणि वर ५३.५ टक्के, अशी चौकट. चेंडूची कड तिला केसभर शिवली तरी स्ट्राइक. शंकेचा फायदा कुणालाच नाही.

चौकट आखता येते तिथे हे ठीक चालेल. २०२५ चा ऑल-स्टार सामना अटलांटातच झाला आणि त्यात हे आव्हान वापरलं गेलं. पाचपैकी चार वेळा पंच चुकीचा ठरला. पण इनफील्ड फ्लाय द्यायला हवा होता की नको, हा प्रश्न रिव्ह्यूच्या यादीत आजही नाही. २०२४ च्या मे महिन्यात शिकागोत एक सामना असाच संपला: उंच चेंडू, इनफील्ड फ्लाय, आणि बेसकडे परतणारा धावपटू शॉर्टस्टॉपच्या वाटेत आला म्हणून दुसरा आउट. त्याने मुद्दाम केलं असं कुणीच म्हणत नव्हतं. अडथळा झाला की नाही हे पंचाने ठरवलं आणि लोक घरी गेले.

तो २०१२ चा सामना जिथे झाला ते टर्नर फील्ड ब्रेव्ह्जने २०१६ नंतर सोडलं. ते आता विद्यापीठाच्या फुटबॉलचं मैदान आहे. शॉर्टस्टॉप जिथे हात वर करून उभा होता, ते गवत आता राहिलेलं नाही.