हिस्टामिन रिसेप्टर आणि स्तनाचा कर्करोग : एका नावाचा घोळ

पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध चढवण्याआधी सलाईनमधून डेक्सा, अ‍ॅव्हिल आणि अ‍ॅसिडिटीचं एक इंजेक्शन जातं. डेकेअरच्या खुर्चीत बसलेल्या बाईला थोड्या वेळात गुंगी येते आणि सोबतचे विचारतात, ही अ‍ॅलर्जीची औषधं कशाला? अ‍ॅलर्जी घडवणारं हिस्टामिन हे रसायन पेशींवरच्या ज्या जागांवर बसतं त्यांना रिसेप्टर म्हणतात; त्यातले एच-1 आणि एच-2 हे दोन्ही अडवले की रिअ‍ॅक्शनचा धोका बराच घटतो, म्हणून. हिस्टामिनचा हा संबंध सगळ्यांच्या ओळखीचा आहे. गाठीच्या वाढीशी असलेला संबंध मात्र आजही वादातून सुटलेला नाही.

एच-1 हे नाव 1966 मध्ये पडलं, एच-2 1972 मध्ये सिद्ध झाला, एच-3 1983 मध्ये आणि एच-4 2000 च्या आसपास. या चारांत न बसणारं पाचवं एक नाव होतं, ‘पेशीच्या आतला हिस्टामिन रिसेप्टर’, आणि खरा घोळ त्यानेच घातला.

टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरचं औषध इस्ट्रोजेन रिसेप्टरखेरीज पेशीत आणखी एका जागी चिकटतं. कॅनडातल्या विनिपेगमध्ये 1980 च्या दशकात फक्त या दुसऱ्या जागी बसणारं डीपीपीई हे औषध तयार झालं. तिथे हिस्टामिनही स्पर्धा करतं असं दिसल्यावर त्या जागेला हिस्टामिन रिसेप्टर म्हटलं गेलं. फ्रान्समधल्या तुलूझ इथल्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवलं की ती जागा म्हणजे कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या दोन एन्झाइमांची जोडी आहे. तोवर नाव रुळलं होतं.

डीपीपीईची चाचणी आजही चर्चेत येते. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या 305 रुग्णांपैकी काहींना नुसतं डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध, तर काहींना त्यासोबत डीपीपीई दिलं गेलं. मधल्या तपासणीत गाठी आटोक्यात राहण्याच्या काळात फरक दिसेना. शिवाय औषध देताना चक्कर, उलट्या आणि भास होत होते. डीपीपीई थांबवण्यात आलं. पुढे रुग्णांचा पाठपुरावा चालू राहिला आणि आकडे आले ते असे : मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) डीपीपीई घेतलेल्यांत 23.6 महिने, नुसत्या डॉक्सोरुबिसिनवर 15.6. पसरलेल्या आजारात आठ महिने ही लहान गोष्ट नाही, त्यामुळे औषध थांबवण्यात घाई झाली असं अनेकांना वाटलं. नियमाला धरून निर्णय बरोबर होता, कारण चाचणीचा मुख्य निकष गाठीची वाढ हा होता, आयुष्य नव्हे. पण निकषच चुकीचा निवडला असेल तर? माझ्या मते वाद इथेच आहे आणि तो रास्त आहे. पुढे सातशेहून अधिक स्त्रियांवर दुसरी चाचणी झाली. आयुष्य वाढत नाही असं दिसल्यावर जानेवारी 2007 मध्ये तीही बंद पडली. मात्र तिच्यात जोडीची औषधं बदललेली होती, एपिरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड. पहिला प्रश्न जसाच्या तसा पुन्हा कुणी विचारलाच नाही.

त्याच विनिपेगमधून 1994 मध्ये एक धास्तावणारी बातमी आली होती : लोराटाडिनसारख्या एच-1 अडवणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी उंदरांतल्या गाठी जोमाने वाढतात. त्या गाठी मेलानोमा (त्वचेचा कर्करोग) आणि फायब्रोसार्कोमा (तंतुमय ऊतींचा कर्करोग) यांच्या होत्या, स्तनाच्या नव्हत्या, पण भीतीला एवढा तपशील लागत नाही. आणि 2020 मध्ये स्वीडनच्या नोंदींतून दिसलं की स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांत डेसलोराटाडिन किंवा लोराटाडिन घेणाऱ्या जास्त जगल्या. हे निरीक्षण आहे, चाचणी नाही. या जोरावर कुणी मेडिकलमधून स्वतःहून गोळी आणू नये.

दरम्यान अर्जेंटिनातल्या प्रयोगशाळांनी एच-4 चा माग धरला होता. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-2 हे तीनही रिसेप्टर नसलेल्या, प्रकारच्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर तो सापडतो आणि त्याला चेतवलं की वाढ मंदावते. म्हणजे एकच हिस्टामिन, पण कोणत्या रिसेप्टरवर बसतं त्यावर परिणाम बदलतो. 2022 च्या सुरुवातीला एच-1 ची नवी बाजू समोर आली : गाठीतल्या मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशींवर असलेला हा रिसेप्टर कर्करोगाशी लढणाऱ्या टी-पेशींना दाबतो. उंदरांत फेक्सोफेनाडिन या अ‍ॅलर्जीच्या गोळीने तो अडवला तेव्हा इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला चेतवणारा उपचार, जास्त लागू पडली. नुसत्या कर्करोगाच्या पेशी बशीत वाढवून हे कधीच दिसलं नसतं, कारण त्या बशीत मॅक्रोफेज नसतातच.