ऑगस्टमध्ये अडवायचं, जानेवारीत फवारायचं

गेल्या डिसेंबरात मांडवी एक्सप्रेसने रत्नागिरीला जात होतो. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी वर्तमानपत्रातली बातमी मोठ्याने वाचली : थंडी लांबली, हापूसचा मोहोर रखडला. मग पेपर घडी करत म्हणाले, “कोकणातल्या माणसाचं बरं आहे. कलमं आजोबांनी लावलेली, मोहोर देवाने द्यायचा, यांनी फक्त आंबे उतरवायचे. नवीन काही करायला नको.” मी वाद घातला नाही. पण ते वाक्य पनवेलपासून रत्नागिरीपर्यंत डोक्यात घोळत राहिलं, आणि अजून गेलेलं नाही.

कारण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मी मामाच्या बागेत होतो. पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती. मामाने कलमांखालचं रान आधीच काढून घेतलेलं. हातात मोजपट्टी, खांद्यावर पहार. एकेका झाडाचा घेर तो दोनदा मोजत होता, एकदा पूर्व-पश्चिम, एकदा दक्षिण-उत्तर, आणि दोन्हींची सरासरी काढत होता. “आठ मीटर,” तो म्हणाला. आठ मीटर व्यास, मीटरला तीन मिली, म्हणजे चोवीस मिली औषध. बुंधा आणि फांद्यांचा घेर यांच्या साधारण मध्यावर पहारीने वीतभरापेक्षा कमी खोल असे पंचवीस खड्डे गोलाकार पाडले. औषध पाच लिटर पाण्यात कालवलं, प्रत्येक खड्ड्यात पेलाभर ओतलं आणि टाचेने माती लोटून खड्डा बुजवला. “आता पाजलंय,” मामा म्हणाला, “डिसेंबरात बोलेल.”

हे औषध म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल. कोकणात त्याला सगळे कल्टारच म्हणतात. आंबा पिकवायला वापरतात ते हे नव्हे. पिकवण्यासाठी चोरून वापरलं जाणारं आणि कायद्याने बंदी असलेलं ते कॅल्शियम कार्बाईड, त्याचा आणि याचा काही संबंध नाही. कल्टार पडतं तेव्हा झाडावर फळ तर सोडाच, मोहोरही नसतो.

मग ते करतं काय? इथे मला थोडं सविस्तर सांगू द्या, कारण वनस्पतिशास्त्रातली इतकी देखणी गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

तिची सुरुवात आंब्यात नाही, भातात आहे. जपानमध्ये भातावर एक रोग पडतो. रोगट रोप इतरांपेक्षा भराभर उंच वाढतं, फिकट पडतं आणि लोंबी न धरताच आडवं होतं. जपानी शेतकरी त्याला ‘बाकानाए’ म्हणत, म्हणजे मूर्ख रोप. १९२६ मध्ये एइची कुरोसावा या शास्त्रज्ञाने दाखवलं की रोगाची बुरशी ज्या द्रवात वाढवली तो द्रव गाळून, बुरशी पूर्ण काढून टाकून निरोगी रोपांना दिला, तरी ती तशीच वेड्यासारखी उंच होतात. म्हणजे बुरशी काहीतरी रसायन सोडत होती. १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्याला नाव दिलं जिबरेलिन. पुढे कळलं की हे रसायन ही काही बुरशीची मक्तेदारी नाही. प्रत्येक हिरव्या झाडात ते असतं. पेर लांबवणं, पालवी फोडणं, वाढ पुढे रेटणं हे त्याचं काम. आपल्याकडे पीक नुसतंच पानाने भरलं, दाणा धरेना, की ‘पीक माजलं’ म्हणतात. तो माज बऱ्याच अंशी जिबरेलिनचा.

आता हापूसच्या काडीच्या शेंड्यावरचा डोळा डोळ्यांसमोर आणा. जोंधळ्याच्या दाण्यापेक्षा थोडासा मोठा. त्यातून पालवीही येऊ शकते आणि मोहोरही. कधी दोन्ही एकत्र. डोळा आधीपासून ठरवून बसलेला नसतो. त्याच्याकडे दोन निरोप येत असतात. पक्व पानांत थंडीच्या रात्री एक प्रथिन तयार होतं, ते सालीखालच्या अन्नवाहिन्यांतून डोळ्यापर्यंत जातं आणि सांगतं, ‘फुलं धर.’ त्याला फ्लोरिजेन म्हणतात. दुसरा निरोप जिबरेलिनचा : ‘वाढ, पालवी काढ.’ ज्याचं पारडं जड त्याचं डोळा ऐकतो. काडी चार-पाच महिन्यांची जून झालेली असेल, ऑक्टोबरच्या कडक उन्हात जमीन वाळून झाडाला ताण बसला असेल आणि मग थंडी पडली असेल, तर मोहोराचं पारडं आपोआप खाली जातं. कोकणातलं जुनं वेळापत्रक नेमकं असंच होतं.

पॅक्लोब्युट्राझॉल या तराजूत जिबरेलिनच्या बाजूचं वजन काढून घेतं. कसं, ते फार सुंदर आहे. झाड जिबरेलिन एका दमात बनवत नाही, टप्प्याटप्प्याने बनवतं. मधला एक पदार्थ आहे कौरीन. न्यूझीलंडच्या कौरी वृक्षावरून त्याला हे नाव मिळालं. कौरीनच्या एका ठरावीक कार्बनवर, एकोणिसाव्या क्रमांकाच्या, तीन वेळा ऑक्सिजनची प्रक्रिया व्हावी लागते. आधी त्याचं अल्कोहोल होतं, मग आल्डिहाइड, मग आम्ल. तिन्ही कामं एकच विकर, म्हणजे एन्झाइम, करतं. त्या विकराच्या गाभ्यात हीम आहे, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतं तसं, आणि हीमच्या मधोमध लोहाचा एक अणू. ऑक्सिजन तिथे येऊन बसतो आणि कौरीनवर चढतो. पॅक्लोब्युट्राझॉलच्या रेणूत एका टोकाला पाच अणूंचं कडं असतं, त्यात तीन नायट्रोजन. त्यातला एक नायट्रोजन सरळ जाऊन त्या लोहाला चिकटतो. ऑक्सिजनला बसायला जागाच उरत नाही. कौरीन साचून राहतं, पुढचं आम्ल बनत नाही आणि आम्ल नाही म्हणजे जिबरेलिन नाही. झाडाला विषबाधा झालेली नसते, त्याचा श्वास चालू असतो, पानं अन्न बनवत असतात. फक्त एका खोलीचं कुलूप लागलेलं असतं.

म्हणूनच औषध फवारत नाहीत, मुळाशी पाजतात. मुळं ते शोषतात आणि पाण्यासोबत ते वर शेंड्याकडे चढतं. आणि म्हणूनच ते १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान द्यायचं, म्हणजे मोहोराची वेळ येईपर्यंत शेंड्यातलं जिबरेलिन पुरेसं उतरलेलं असतं.

याच गोष्टीतून हापूसच्या जुन्या दुखण्याचाही उलगडा होतो. एक वर्ष झाड लगडतं, पुढच्या वर्षी रितं राहतं. गावात अजूनही म्हणतात, ‘झाडाला नजर लागली,’ आणि बुंध्याला काळी बाहुली टांगतात. नजर कुणाची लागत नाही. वाढत्या कोयींमधून जिबरेलिन फांदीत उतरत राहतं, फळं पोसण्यात झाडाचा साठा संपतो, आणि मे अखेरीपर्यंत ओझं वाहिलेल्या काडीला नवी पालवी काढून ती हिवाळ्यापर्यंत जून करायला वेळच मिळत नाही. बाहुलीवर चार पैसे जातात, त्याचं मला फार वाटत नाही. पण तोच माणूस ‘मोहोर टॉनिक’ असं लिहिलेली, आत काय आहे याचा पत्ता नसलेली बाटली हजार रुपयांना घेतो, तेव्हा जीव तुटतो. लेबलवर घटक आणि प्रमाण नसेल, तर ती बाटली आणि बाहुली यांत फरक नाही.

आता गाडीतल्या गृहस्थांच्या वाक्याकडे येतो. नव्वदच्या दशकात दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनंतर कल्टार रत्नागिरी-सिंधुदुर्गात झपाट्याने पसरलं. पण त्याच विद्यापीठाने १९८१ मध्ये ‘रत्ना’ ही नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेली जात दिली होती. दरवर्षी फळणारी, साका न होणारी, म्हणजे आतला गर स्पंजासारखा होऊन खराब न होणारी. हापूसची दोन्ही मोठी दुखणी तिने एका झटक्यात काढून टाकली होती. तरीही बागा हापूसच्याच राहिल्या. वरवर बघणारा म्हणेल, बघा, हट्टी लोक. मला उलट यात शेतकऱ्याचा हिशेब स्वच्छ दिसतो. कल्टार एका झाडावर करून बघता येतं, पाच महिन्यांत निकाल डोळ्यांसमोर येतो, आणि तो शेजाऱ्यालाही गडग्यापलीकडून दिसतो. नाही जमलं तर पुढच्या वर्षी बंद. रत्ना लावायची म्हणजे फळणारं कलम तोडून किंवा मोकळ्या कातळात खड्डा काढून नवं झाड लावायचं, आठ-दहा वर्षं वाट बघायची आणि शेवटी वाशीच्या बाजारात पेटी उघडल्यावर व्यापारी विचारणार, ‘हापूस आहे का?’ नाव विकलं जातं, हे बागायतदाराला पक्कं ठाऊक आहे.

अमेरिकेच्या आयोवा राज्यात ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी संकरित मका शेतकऱ्यांनी कसा स्वीकारला याचा अभ्यास केला. १९४३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. २५९ शेतकऱ्यांशी बोलल्यावर त्यांना दिसलं की बियाण्याची पहिली बातमी जवळजवळ निम्म्यांना विक्रेत्याकडून कळली होती, पण ते पेरायची खात्री सगळ्यांत जास्त जणांना शेजाऱ्यांमुळे पटली. आणि पहिल्या वर्षी जवळजवळ कुणीच सगळं रान नव्या बियाण्याखाली घातलं नाही. आधी एक तुकडा. आयोवाचा मका दरवर्षी पेरतात आणि दरवर्षी चूक सुधारता येते. कोकणातलं कलम पन्नास वर्षं उभं राहतं. तिथे चूक म्हणजे अर्धं आयुष्य. तरीही आमचे लोक करून बघतात, आणि ही गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सगळंच चांगलं झालं असं नाही. कोकणात बागा कराराने देण्याची पद्धत आहे. करार घेणाऱ्याला दोन-तीन हंगाम दिसतात, झाड दिसत नाही. मीटरला तीन मिलीच्या जागी तो दुप्पट ओततो, शेणखत मात्र घालत नाही. पॅक्लोब्युट्राझॉल जमिनीत लवकर नाहीसं होत नाही, वर्षानुवर्षं साठत जातं. मग पेरं इतकी आखूड होतात की पानांचा झुबका एकाच जागी बसल्यासारखा दिसतो, मोहोराचा तुरा मुठीसारखा गच्च राहतो आणि त्यात बुरशी धरते. अशी बाग मूळ मालकाच्या हाती परत येते तेव्हा ती सावरायला बरीच वर्षं लागतात. ज्यांची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आहे त्यांच्याबद्दल हे लिहिताना मला त्रास होतो, कारण पैशाची नड असल्याशिवाय कुणी आपली कलमं कराराने देत नाही.

इतर बदलही चालू आहेत. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळाने श्रीवर्धनकडच्या सुपारी-नारळाच्या बागा झोपवल्या, वर्षभरात तौक्ते आलं. त्यानंतर उंच वाढलेली जुनी कलमं छाटून बुटकी करण्याकडे लोक वळू लागले. फळांना कागदी पिशव्या घालतात. फुलकिडीने मात्र अजून सगळ्यांना हैराण केलंय.

पण खरी परीक्षा हवामानाची आहे. पाऊस आता ऑक्टोबर संपला तरी जात नाही. जमिनीला ताण बसत नाही आणि नोव्हेंबरात मोहोराऐवजी तांबूस पालवी फुटते. कल्टारने तिला थोडा आवर बसतो, पूर्ण नाही. कधी याच्या बरोबर उलट होतं. डिसेंबरात मोहोर येतो, वाटाण्याएवढी फळं धरतात, आणि थंडी फेब्रुवारीपर्यंत रेंगाळते. त्याच काड्यांवर पुन्हा मोहोर फुटतो. झाडाची शक्ती नव्या तुऱ्याकडे वळते आणि आधीची कणी गळून पडते. पहाटे कलमाखाली हिरव्या मण्यांचा सडा दिसतो, तो बघवत नाही.

यावर विद्यापीठाची शिफारस ऐकल्यावर मी आधी थबकलो होतो. पहिला मोहोर पूर्ण उमलला की आणि पुन्हा फळं वाटाण्याएवढी झाली की जिबरेलिक आम्ल फवारा, एक ग्रॅम वीस लिटर पाण्यात, म्हणजे ५० पीपीएम, दहा लाख भागांत पन्नास भाग. ऑगस्टमध्ये ज्याची वाट अडवली, तेच जानेवारीत बाहेरून द्यायचं! पण तराजू आठवला की कोडं सुटतं. ऑगस्टमध्ये मोहोर हवा होता म्हणून जिबरेलिन काढलं. आता पहिली फळं टिकवायची आहेत, दुसरा मोहोर नको आहे, म्हणून जिबरेलिनचं पारडं जड करायचं. आणि कल्टारने या फवारणीला अडथळा होत नाही, कारण कुलूप बनवण्याच्या खोलीला आहे. तयार माल बाहेरून आला तर डोळा तो ओळखतोच. मामाने कौरीनचं नावही ऐकलेलं नाही. पण हे त्याला नीट कळलंय. “तेव्हा लगाम घातला होता,” तो म्हणाला, “आता जरा ढील देतोय.”

त्या दिवशी, ऑगस्टमध्ये, गडग्याकडेचं एक कलम त्याने मोजलं नाही, खड्डेही पाडले नाहीत. मी विचारलं, विसरलास का? “ते मी दरवर्षी सोडतो. औषधाशिवाय काय होतं ते कळायला नको?”

डिसेंबरात मांडवीतून उतरून मी थेट बागेत गेलो. पाजलेल्या कलमांच्या शेंड्यांवर डोळे टपोरे झाले होते, काहींतून दोन बोटं लांबीचे तुरे निघाले होते. गडग्याकडचं झाड नव्या, लोंबत्या, तांबूस पालवीने भरलं होतं. मामाने खिशातून वही काढली आणि दोन्हींची तारीख लिहून घेतली.