महामार्गात जमीन गेली तर भरपाई कशी मिळवायची? बेळगाव भागातील शेतकऱ्यांसाठी

बेळगावच्या हलगा-मच्छे बायपास रस्त्यामुळे 'भूसंपादन' हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला. पण नोटीस आल्यावर कुणाकडे, काय घेऊन जायचं हे अजूनही बांधावर चारचौघांना विचारूनच ठरतं. तोवर मुदत निघून जाते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ खाली घेतात. पैसा केंद्राकडून येतो, रक्कम ठरवतो तो सक्षम भूसंपादन अधिकारी. सुरुवात या कायद्याच्या कलम ३ए च्या अधिसूचनेने होते; जमीन घेण्याचा इरादा त्यात जाहीर करतात. ती राजपत्रात येते आणि दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापतात. त्यानंतर हरकतीला फक्त २१ दिवस. कन्नड वाचता येत नसेल तर त्याच दिवशी कुणाकडून तरी वाचून घ्या आणि आपला सर्व्हे नंबर व गुंठे जुळतात का ते बघा. हरकत लेखी द्यायची. नुसतं 'जमीन देणार नाही' लिहून भागत नाही. विहीर जाते, शेताचे दोन तुकडे होतात, पलीकडे जायला वाट उरत नाही, असं कारण मांडा. पोच घ्या. सुनावणीला वकील नेता येतो.

पुढची, म्हणजे कलम ३डी ची अधिसूचना निघाली की जमीन केंद्राच्या नावे होते. ती ३ए नंतर वर्षभरात निघाली नाही, तर ३ए रद्द ठरते (कोर्टाच्या स्थगितीचा काळ त्यात धरत नाहीत). ३डी नंतर प्रश्न मुख्यतः पैशाचा उरतो.

भरपाईचा हक्क मालकाचा, तसाच त्या जमिनीत हितसंबंध असलेल्या इतरांचाही. वहिवाटीचा किंवा वापराचा हक्क गेला, तर त्या जमिनीसाठी ठरलेल्या रकमेच्या १० टक्के वेगळे मिळतात.

दावा मागवणारी नोटीस आली की ही कागदपत्रं लागतात: चालू आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा), वारसा व फेरफाराच्या नोंदी, खरेदीखत, मोजणीचा नकाशा, बोजा दाखला, आधार, पॅन आणि बँक पासबुक. झाडं, विहीर, घर, पाइपलाइन यांचे फोटो व पावत्याही जोडा. संयुक्त मोजणीच्या दिवशी शेतात हजर राहा. पंचनाम्यातून आंब्याचं झाड सुटलं की भरपाईतूनही सुटतं.

सगळ्यात जास्त पैसे अडतात ते वारशात. आमच्याच घरात उतारा आजोबांच्या नावे राहिला होता. सहा वाटेकऱ्यांच्या सह्या जमवता जमवता दोन दिवाळ्या गेल्या. म्हणून मोजणीवाले शिवारात दिसले की आधी नाडकचेरीतून (गावपातळीचं महसूल कार्यालय) वंशावळ काढा आणि वारसा लावून घ्या. बहिणींची नावं टाळू नका, त्यांचा हक्क कायद्याने आहे. वाटणीवरून वाद झाला तर अधिकारी तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवतो आणि पैसे तिथेच अडकून पडतात.

रक्कम ठरते ३ए च्या तारखेच्या बाजारभावावर. सरकारी मार्गदर्शक दर आणि आधीच्या तीन वर्षांतल्या आसपासच्या खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी, यांत जे जास्त ते धरतात. ग्रामीण भागात त्याला १ ते २ चा गुणक लागतो. त्यात झाडं, विहीर, घर यांची किंमत मिळवतात आणि येणाऱ्या बेरजेवर १०० टक्के दिलासा रक्कम. शिवाय बाजारभावावर वर्षाला १२ टक्के जादा रक्कम. तेव्हा उपनिबंधक कार्यालयातून आजूबाजूच्या चांगल्या दराच्या खरेदीखतांच्या नकला आधीच काढून ठेवा. खरेदी करताना कागदावर कमी दाखवलेला भाव इथे सगळ्या गावाला भोवतो.

निवाडा, म्हणजे अधिकाऱ्याने ठरवलेली रक्कम, कमी वाटला तर पैसे नाकारू नका. 'हरकत राखून स्वीकारले' असं लिहून देऊन पैसे घ्या आणि केंद्राने नेमलेल्या लवादाकडे कलम ३जी(५) खाली अर्ज करा. लवादाने वाढवून दिलेल्या रकमेवर ताबा घेतल्यापासून ९ टक्के व्याज देता येतं. लवादाचाही निर्णय पटला नाही, तर तो मिळाल्यापासून तीन महिन्यांत न्यायालयात जावं लागतं.

पैसे थेट खात्यावर येतात. या भरपाईवर प्राप्तिकर नाही. कर कापलेला दिसला तर लगेच लेखी विचारणा करा.